एसटीडी बूथ बुडाला, टेलिफोन नव्हे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा : वडिलांनी १९९२ मध्ये बार्शी तालुक्यात एसटीडी बूथ (पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचं दुकान) टाकला, त्याच्या कमाईवर घर बांधलं, आणि २००३ नंतर तीन-चार वर्षांत तो धंदा बसला. आता तुम्ही त्याच गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांवर फायबर इंटरनेटचं काम घेतलंय. ३४० जोडण्या आहेत, आणखी ७ लाख घालायचा विचार आहे. वडील म्हणतात, यंत्र बदललं की आपण रस्त्यावर येतो, घालू नको. फाइव्हजीवरचं घरगुती इंटरनेट आलं, उपग्रहाचं येऊ घातलंय. मग फायबरचंही बूथसारखंच होणार का? आणि एखादं तंत्र जाणार हे आधी कसं ओळखायचं?

मी १९८१ मध्ये टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा डाक-तार खातं एकच होतं. निम्मी नोकरी एक्स्चेंजमध्ये काढली, निम्मी बाहेर केबलवर, सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांत. स्ट्रोजर, क्रॉसबार, सी-डॉट अशी एकामागून एक आलेली एक्स्चेंजची यंत्रं, मग फायबर, असं सगळं हाताखालून गेलं. एवढं पाहूनही माझे दोन अंदाज सपशेल आपटले, ते आधी सांगतो म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवाल. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. तेव्हा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. मी छातीठोकपणे म्हणालो की हे डॉक्टर आणि बिल्डर मंडळींपुरतं राहणार. दुसरा अंदाज जास्त महागात पडला. २००१ मध्ये मेव्हण्याला मीच सांगितलं, दुसरा बूथ टाक. त्याने टाकला. अजूनही मी गेलो की तो आधी चहा देतो आणि मग तो विषय काढतो.

आता मुद्द्यावर येतो. वडिलांना जे दुःख झालं ते खरं आहे, पण त्याचं कारण त्यांनी लावलं तसं नाही. यंत्र कुठे बदललं? टेलिफोन तोच होता. ज्या वर्षांत त्यांचा बूथ बसला त्या वर्षांत लोक आधी कधी बोलले नव्हते इतकं फोनवर बोलायला लागले. गेला तो गल्ला.

१९९२ चं गाव आठवा. फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. ज्याच्या घरी फोन होता तोही डायलला कुलूप लावून ठेवायचा, कारण पोराने मुंबईला फोन लावला तर बिल पाहून घाम फुटायचा. जितकं लांब गाव तितक्या पल्स (मीटरचे ठोके, ज्यांवर बिल व्हायचं) भराभर पडायच्या. दिवसा पूर्ण दर आणि रात्री अकरानंतर पाव, म्हणून रात्री उशिरा बूथबाहेर रांग. अशा वेळी वडील तीन गोष्टी विकत होते : फोन वापरायला मिळणं, काचेच्या केबिनमधला एकांत, आणि निरोप. ‘शिंद्यांच्या घरी सांगा, दहा मिनिटांनी परत लावतो’, हे तिसरं काम तर ते बहुधा फुकटच करत असतील.

त्यांचं उत्पन्न मात्र फक्त पहिल्यावर होतं, आणि तेही बिलाच्या रकमेवरचं कमिशन. त्यामुळे मोबाइलने बूथ मारला असं म्हणतात तेव्हा मला ते अर्धंच पटतं. मोबाइल गावात यायच्या आधीच एसटीडीचे दर घसरायला लागले होते. दर निम्मा झाला की तेवढेच पैसे मिळायला माणसाने दुप्पट बोलायला हवं. काही दिवस लोक तसे बोललेही. मग मे २००३ पासून मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला. पहिली काही वर्षं गावात लोकांनी मोबाइल फक्त आलेला फोन घेण्यापुरता ठेवला, फोन लावायला ते बूथवरच यायचे. पण निरोपाचं काम त्या दिवशी संपलं, आणि निरोपासाठी येणारी वर्दळही. शेवटी १ मार्च २००६ ला सरकारी कंपन्यांनी देशात कुठेही १ रुपया मिनिट ही योजना आणली. ‘एसटीडी’ या शब्दातली जरबच गेली. बाहेरगावचा फोन आणि गावातला फोन यांतला फरक मिटला की त्या फरकावर बसलेलं दुकान कसं चालणार?

म्हणून तुम्ही विचारलेले प्रश्न खरं तर दोन आहेत. फायबर जाईल का, हा एक. फायबर राहिलं तरी मधला माणूस राहील का, हा दुसरा. तुमची भीती दुसऱ्याची आहे आणि तुम्ही विचारलाय पहिला.

पहिल्याचं उत्तर तारेच्या, म्हणजे टेलिग्रामच्या, गोष्टीतून देतो, कारण एखादं तंत्र खरोखर जातं कसं हे मी तिच्याच बाबतीत जवळून पाहिलं. आपल्याकडे तारेची पहिली प्रायोगिक लाइन १८५० मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी पडली, ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने ती टाकली. १८५५ पासून तार सामान्य लोकांसाठी खुली झाली आणि १५ जुलै २०१३ ला बंद. १८५० पासून धरलं तर १६३ वर्षं. इतकी जुनी गोष्ट एका फटक्यात जात नाही. तिचं एकेक काम दुसरीकडे गेलं.

तार आली म्हटलं की बाया आधी रडायला लागायच्या आणि मग पाकीट उघडायचं, हे तुमच्या आजीला विचारा. मयताची बातमी हे तारेचं मोठं काम होतं, आणि ते तुमच्या वडिलांसारख्या बूथवाल्यांनी घेतलं. हो, तारेचं एक मोठं गिऱ्हाईक वडिलांनीच पळवलं, हे त्यांना गमतीने सांगा. व्यापाऱ्यांचे भाव आणि ऑर्डरी आधी टेलेक्सवर (टाइप केलेला मजकूर थेट पोचवणाऱ्या यंत्रावर) गेल्या, मग फॅक्सवर. लग्नाच्या शुभेच्छांसाठी ठरलेली वाक्यं आणि त्यांचे नंबर असायचे, नंबर सांगितला की पुरे. ते काम घरोघरच्या फोनने संपवलं. तारेने जाणारी मनीऑर्डर बँकेने नेली.

सगळं गेल्यावर तारेकडे एकच काम उरलं : पुरावा. वकील नोटिशीसाठी तार करायचे, कारण अमुक तारखेला अमुक मजकूर पाठवला हे सरकारी शिक्क्याने सिद्ध व्हायचं. साताऱ्याकडे फौजेतले लोक भरपूर. रजेवर आलेल्या जवानाला रजा वाढवून हवी असेल तर युनिटला तार जायची आणि ती कागद म्हणून धरली जायची. फोनवर दहा वेळा बोलला तरी त्याचा कागद होत नव्हता. या एका कामावर तार कितीतरी वर्षं तगली.

पण एका कामावर अख्खं जाळं पोसता येत नाही. दिवसाला दोनशे तारा असोत की पाच, खोली तीच, ऑपरेटर तोच, सायकलवरून वाटणारा माणूस तोच. २०११ मध्ये दर वाढवून ५० शब्दांना २७ रुपये केला, तरी मेळ बसला नाही. बंद होण्याच्या आदल्या दिवशी मात्र शहरांतल्या तार ऑफिसांवर रांगा लागल्या. आयुष्यात कधी तार न केलेल्या लोकांनी आठवण म्हणून स्वतःलाच तारा केल्या. ही वर्दळ दहा वर्षं आधी झाली असती तर, असं तिथे बसलेल्या कुणाच्या तरी मनात आलंच असेल.

एसएमएसची कहाणी वेगळी, आणि ती तुम्ही जास्त लक्ष देऊन वाचा. एका संदेशाला जागा १४० बाइटची. इंग्रजी अक्षरं त्यात १६० बसतात, देवनागरी ७०. म्हणजे आईला धड मराठीत दोन ओळी लिहिल्या की दोन संदेशांचे पैसे. म्हणून आपली अख्खी पिढी ‘कसा आहेस’ रोमन अक्षरांत लिहायला शिकली. त्यात कंपन्यांनी दिवाळी, नवं वर्ष अशा दिवशी सवलतीचे पॅक बंद ठेवायचे आणि प्रत्येक संदेशाला पूर्ण दर लावायचा, असं सुरू केलं. ज्या दिवशी लोकांना सगळ्यात जास्त बोलायचं असतं त्याच दिवशी त्यांना लुटायचं. व्हॉट्सअॅप आलं तेव्हा लोक नुसते गेले नाहीत, चिडून गेले. अक्षरं मोजायची नाहीत, मराठी लिहा, फोटो पाठवा, सण असो नसो.

तरी एसएमएस मेला का? तुमच्या फोनवर आज सकाळपासून ओटीपी किती आले ते पाहा. माणसांनी सोडलेल्या रस्त्यावर बँका आणि सरकारी खाती राहायला आली. कारण साधं आहे. तो कुठल्याही डबड्या फोनवर पोचतो, अॅप लागत नाही, डेटा लागत नाही. जे सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत पोचतं त्याला शेवटपर्यंत कुणीतरी भाडेकरू मिळतो. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून साठ वर्षांहून जास्त काळ कबुतरांची टपालसेवा चालवली ती याच हिशेबाने. पुरात तारा तुटल्या तरी कबुतर पोचायचं.

सगळ्यात लवकर जातं ते मधलं. पेजर आठवतोय, आलेला छोटा निरोप दाखवणारी डबी? १९९५ च्या सुमारास आला तेव्हा कमरेला पेजर म्हणजे मोठा माणूस. पण पेजर वाजला की तो मोठा माणूस धावत जवळचा पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोन, शोधायचा, कारण पेजरवरून उत्तर देता येत नव्हतं. अर्ध्या फोनाचं काम करणारं यंत्र पूर्ण फोन स्वस्त होईपर्यंतच टिकणार. पाच-सात वर्षांत खेळ संपला. थ्रीजीचंही तेच. काही कंपन्यांनी आपल्याकडे थ्रीजी बंद केलं आणि त्याच्या आधीचं टूजी चालू ठेवलं! कारण टूजीवर साधे फोन आहेत, वीजमीटर आहेत, दुकानातली कार्डाची मशीन आहेत. थ्रीजीचं जे काम होतं, म्हणजे बरं इंटरनेट, ते फोरजी जास्त चांगलं करत होतं. तेव्हा ‘जुनं आधी जाणार’ हा हिशेब मनातून काढून टाका. कुणाचं काम दुसरं कुणी पूर्ण करू शकतं, तेवढंच बघायचं.

ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलंय. ग्राहकांच्या आकड्यावरून ओळखू नका, तो आकडा उशिरा पडतो. मी खुणा स्टोअरमध्ये पाहिल्या. स्ट्रोजर एक्स्चेंज काढायच्या कितीतरी आधी नवे सुटे भाग यायचे बंद झाले होते. एक रॅक बंद पाडून त्याचे भाग दुसऱ्यात घालायचो. तांब्याच्या केबलचंही तसंच. आधी जॉइंट करणारे जुने लोक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी भरला नाही. मग रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली तर ‘बघू’ असं उत्तर येऊ लागलं. मग पिलरची (रस्त्याकडेच्या केबलच्या कपाटांची) दारं गेली, पावसाळ्यात डीपीत (घरांच्या तारा जोडायच्या डबीत) पाणी, आणि तांब्याची चोरी. फोन बंद पडतो म्हणून लोक फोन परत करायचे, लोक कमी झाले म्हणून दुरुस्तीला माणूस मिळायचा नाही. लँडलाइन आकड्यांत भक्कम दिसत होती तेव्हाच जॉइंटच्या पेटीत ती संपायला लागली होती.

तरी तांब्याने जाता जाता एक गंमत केली. बोलण्यासाठी टाकलेली तीच जोडी आधी डायल-अप मोडेमला चालली, मग २००५ पासून घरोघरी ब्रॉडबँड द्यायला लागली. जमिनीतली तार तीच, टोकाची पेटी बदलली. या एका गोष्टीवरून मी तुमच्या फायबरबद्दल बोलतो.

फायबर म्हणजे काचेचा धागा, आणि काचेचं आयुष्य मोठं आहे. आज तुमच्याकडे बहुधा जीपॉन ही यंत्रणा असेल, एका पोर्टवर सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि ते स्प्लिटरने अनेक घरांत वाटलेलं. उद्या १० गिगाबिटची यंत्रणा त्याच काचेवर चालते. तुमच्याकडची पेटी (ओएलटी) आणि ग्राहकाच्या घरची पेटी (ओएनटी) बदलते, काच बदलत नाही. फाइव्हजीचं घरगुती इंटरनेट टॉवरच्या क्षमतेतून वाटून घ्यायचं असतं. दुपारी झकास चालेल, संध्याकाळी मॅच लागली आणि सगळं गाव बसलं की कळेल. शिवाय त्या टॉवरला भरपूर डेटा द्यायचा तर टॉवरपर्यंतही फायबरच न्यावं लागतं. उपग्रह मात्र एका ठिकाणी तुमच्यावर नक्की मात करेल : डोंगराकडेची, शेतातली, एकेकटी घरं. तिथे दोन किलोमीटर केबल ओढून एक जोडणी देण्यात आजही तुम्हाला काय सुटतंय? ती घरं जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका.

आता मधल्या माणसाचं. इथे सगळं तुमच्या करारावर अवलंबून आहे, आणि तो मला माहीत नाही. ग्राहक कुणाच्या नावावर आहे, तुमच्या की कंपनीच्या? बिल तुम्ही गोळा करता की लोक कंपनीच्या अॅपवर भरतात? खांबावरची केबल तुमच्या मालकीची की तुम्ही फक्त सांभाळता? तिन्ही उत्तरं ‘कंपनी’ अशी असतील तर तुम्ही वडिलांच्याच खुर्चीवर बसला आहात. त्यांचं कमिशन दरावर होतं, तुमचा वाटा प्लॅनच्या किमतीवर असेल, आणि प्लॅनची किंमत तुमच्या हातात नाही. अशा वेळी ७ लाख घालू नका, असं मी वडिलांच्या बाजूने सांगेन. काच तुमची असेल आणि ग्राहक तुम्हाला फोन करत असेल, तर घाला, पण कुठे घालता ते बघा.

ओएनटीचे खोके भरून ठेवण्यात घालू नका, ती टोकाची पेटी आहे, तीच आधी जुनी होते. फायबरची टोकं जोडणारं स्वतःचं स्प्लायसिंग मशीन नसेल तर ते घ्या. रिंग करा, म्हणजे एका बाजूला केबल तुटली तरी दुसरीकडून गाव चालू राहील. दोन वाड्यांकडे जाणारी मुख्य केबल खांबावर लोंबत असेल तर निदान रस्त्याच्या कामाच्या पट्ट्यातून बाजूला घ्या. आणि वीज. जुना फोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवरच मिळायचे. तुमच्या ग्राहकाचा ओएनटी लाइट गेली की मेला, आणि तो शिव्या तुम्हाला घालतो. जोडणीबरोबर छोटा यूपीएस द्या, भाड्याने द्या, कसाही द्या. माझ्या अनुभवात लोक वेग विसरतात, बंद पडलेलं विसरत नाहीत.

वडिलांच्या निरोपाच्या कामाचाही विचार करा. ते पैसे घेत नव्हते, पण लोक त्याच्यासाठी येत होते. तुमच्याकडे त्याची जागा कशाने घेतली आहे? म्हातारीच्या टीव्हीवर अॅप चालू करून देणं, शाळेचा कॅमेरा, सोसायटीच्या काट्यावरचं नेट, असं काही असेल. कंपनी बदलली, तंत्र बदललं तरी लोक ज्या कामासाठी तुमचं नाव घेतील ते काम तुमचं. बाकीचं भाड्याचं.

एक काम तुम्ही या आठवड्यात करा. बूथच्या मशीनमधून निघणाऱ्या कागदाच्या पट्ट्या किंवा महिन्याचे हिशेब वडिलांनी बहुतेक टाकले नसतील, आपल्या पिढीला काही टाकवत नाही. २००० ते २००३ ची वही काढा आणि दोघं मिळून बघा की बोललेली मिनिटं वाढत असताना कमिशन कोणत्या महिन्यापासून उतरायला लागलं. मेव्हण्याच्या वहीत ते मला नंतर दिसलं : त्याने दुसरा बूथ टाकला त्याच्या चार महिने आधी. मग तुमच्या ३४० जोडण्यांचे गेल्या दोन वर्षांचे आकडे त्याच्याशेजारी मांडा, एकीकडे दर जोडणीमागे वापरलेला डेटा आणि दुसरीकडे दर जोडणीमागे तुमच्या हातात उरलेले पैसे. ते आकडे आणि कराराची वरची तीन उत्तरं इथे लिहा, मग ७ लाखांचं बोलू.